फळ्याचा खालचा कोपरा

मित्रांनो, साताऱ्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसबाहेर टांगलेला काळा फळा तो मीच. वय चाळिशीच्या पुढं. चौकट सागवानी, हल्लीच्या प्लायवूडसारखा मी फुगत नाही. शिपाई हरिबांनी माझ्यावर पांढऱ्या रंगात सगळे विषय लिहिलेत, मराठीपासून भूशास्त्रापर्यंत एकवीस. जूनमध्ये पोरं माझ्यापुढं माना वर करून उभी राहतात, तेव्हा मला लय भारी वाटतं. खोटं कशाला बोलू?

पण माझ्या अंगावर एक चूक होती. बाहेरगावच्या पोरांची सोय म्हणून हरिबांनी खालच्या कोपऱ्यात एसटीच्या वेळाही लिहिल्या. झालं, मेढ्याकडची पोरं आधी तो कोपरा वाचायची, मग विषय. सायन्सची प्रॅक्टिकलं साडेपाचला सुटणार आणि डोंगरातली शेवटची गाडी पाचला. म्हणून बारावी सायन्सला चांगले मार्क पडलेली पोरंही दुपारी सुटणारे विषय घेऊन मोकळी व्हायची. वर्षानुवर्षं विषय निवडले ते माझ्या कोपऱ्यानं. मी आपला फुशारकीत.

तीन वर्षांपूर्वी मेढ्यापलीकडच्या वाडीतली शिवांजली आली. सोबत वडील तानाजी, फौजेतून रिटायर झालेले. तिचं बोट थेट भूशास्त्रावर गेलं.

"तात्या, मला ह्यो विषय पायजे. आपल्या घरामागचा डोंगर दर पावसाळ्यात चिरतोय. का चिरतोय ते शिकायचंय मला."

तात्यांनी कोपऱ्यावर बोट ठेवलं. "शेवटची गाडी पाचला हाय पोरी. तू यायची कशी? गाडी गावंल असं कायतरी घे."

मला वाटलं, ही पण गेली. पण ती तरातरा भूशास्त्राच्या मॅडमकडं गेली. मॅडम म्हणाल्या, "शनिवारपर्यंत दहा जण आण. प्रॅक्टिकल सकाळी आठला ठेवते."

वाडीत मुक्कामाला गेलेली गाडी सकाळी सहाला निघते आणि आठच्या आत साताऱ्यात येते. शिवांजलीनं खडू घेतला आणि माझ्या त्याच कोपऱ्यात लिहिलं, 'भूशास्त्र, प्रॅक्टिकल सकाळी आठ. एसटीनं येणाऱ्यांनी नावं लिहा.' रोज संध्याकाळी खडू पुसणाऱ्या हरिबांनी त्या आठवड्यात फडक्याला हात लावला नाही.

शनिवारी ऑफिस बंद व्हायला अर्धा तास उरला, तरी नावं नऊच. माझा जीव टांगणीला लागला. तेवढ्यात मेढ्याच्या कापडदुकानदाराची रुक्सार आली. बारावी सायन्सची असूनही तिचा इतिहासाचा फॉर्म भरून तयार होता. तिनं कोपरा वाचला आणि फॉर्मची घडी करून पर्समध्ये टाकली.

"सकाळची गाडी मला बी गावती की," ती म्हणाली आणि तिनं दहावं नाव लिहिलं. मी आनंदानं खिळ्यावर हललो.

पहिल्या दिवशी तात्याही आले, कापडात बांधलेला एक दगड घेऊन. "मॅडम, घरामागचा हाय. ह्येच्यापास्नं सुरू करा," एवढंच म्हणाले.

यंदा शिवांजली कॉलेजात पहिली आली. त्याआधीच तिनं त्या डोंगराचा नकाशा ग्रामसभेत मांडला होता. चिरेखालची चार घरं पावसाळ्यापूर्वी हलली, त्यात तात्यांचंही होतं. जुलैत दरड आली ती मोकळ्या जागेवर.

आता हरिबांनी मला नवा रंग दिलाय. सकाळची बॅच ठळक अक्षरात आहे, गाड्यांच्या वेळा तिच्याखाली बारीक. मित्रांनो, माझी धूळ झटका न झटका, पण मला वाचाल तेव्हा वरून वाचा. गाडीचं नंतर बघता येतं.