झाकणाच्या आतला टिळा

"आबा, हात धुतले ना?" मिसबाहनं विचारलं.

"धुतले ना, बेटा. साबण लायीसन धुतले." हिलालनं दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवले.

हा प्रश्न ती रोज विचारायची आणि तो रोज असेच हात दाखवायचा. जळगावच्या या कॉलेजात हिलाल बरीच वर्षं लॅब अटेंडंट होता, तोही कंत्राटावर. धरणगावहून येताना त्याच्या डब्यात शेवभाजी असे, आणि तिच्या तर्रीची मिसबाहला धास्ती होती. तेलाचा एवढासा थेंब फेसात गेला तरी फेस बसतो, हे तिनं त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हापासून डबा बाहेर, झाडाखाली. थंडी असो की ऊन, हिलालनं एकदाही कुरकुर केली नाही.

मिसबाहचं सगळं संशोधन फेसाचंच होतं. जमिनीखालच्या तेलाच्या विहिरी आटत आल्या, की खडकात अडकलेलं तेल बाहेर ढकलायला आत वायू सोडतात. पण वायू मोठा लबाड. रुंद वाट सापडली की तिथूनच पळ काढतो आणि बारीक छिद्रांतलं तेल जागच्या जागी राहतं. म्हणून आधी फेस सोडायचा, त्यानं रुंद वाट तुंबवायची, की वायूला झक मारत बारीक वाटेनं जावं लागतं. हे दाखवायला तिनं काचेच्या दोन नळ्या शेजारीशेजारी बसवल्या होत्या. एकीत जाड वाळू, दुसरीत बारीक, दोन्ही काळ्या तेलात भिजलेल्या. वाळू गिरणा नदीची, हिलालनं चाळून चाळून भरलेली. दोन्ही नळ्यांच्या आधी एक पोलादी भांडं होतं. त्यात साबणी पाणी ओतून वायू सोडला की फेस तयार व्हायचा.

आज बडोद्याहून तेल कंपनीचे दोन साहेब ते बघायला येणार होते. त्यांना पटलं तर मिसबाहचं काम पुढे चालणार होतं. नाही पटलं तर महिनाअखेर खोलीला कुलूप. मग पोरीनं घरी बसायचं किंवा कुठल्यातरी क्लासमध्ये शिकवायचं. हिलालचा जीव कालपासून टांगणीला लागला होता. त्याला स्वतःची मुलगी नव्हती, आणि ही परक्या घरची पोर त्याला आबा म्हणायची.

म्हणून तो सकाळी स्टँडजवळच्या मारुतीला थांबून आला होता. येताना पानावर शेंदूर आणला. यंत्राला टिळा लावल्याशिवाय मोठं काम सुरू करायचं नाही, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं. पण गेल्या दसऱ्याला सगळ्या यंत्रांवर त्यानं स्वस्तिकं काढली तेव्हा विभागप्रमुख भूपेंद्र सर भडकले होते. "ही प्रयोगशाळा आहे की देऊळ? पुन्हा यंत्रावर टिळा दिसला तर दुसरीकडे काम बघा!" हिलालनं ते ध्यानात ठेवलं होतं. मिसबाह यायच्या आत त्यानं भांड्याचं झाकण उघडलं, आतल्या बाजूला, कुणालाच दिसणार नाही असा टिळा लावला, हात जोडले आणि झाकण पुन्हा आवळलं. मग खरोखरच साबण लावून हात धुतले. तेल म्हणजे डब्यातलं, कढईतलं. देवाचा शेंदूर तेलात कालवतात हे लहानपणापासून बघूनही त्याला त्यात तेल दिसलंच नाही.

साहेब आले. भूपेंद्र सरांनी हसून हसून ओळख करून दिली. मिसबाहनं नुसता वायू सोडून दाखवला. तो जाड वाळूतलं तेल ढकलून तिथूनच सरळ निघून गेला, बारीक नळी काळी ती काळीच. "आता फेस बघा," ती म्हणाली. तिचा आवाज छान लागला होता.

फेस आला. पण मोठमोठ्या बुडबुड्यांचा, आणि आला तसा फुटला. तिनं वायू कमी केला, मग वाढवला. जाड नळीतून वायू मजेत वाहत राहिला. बारीक नळीतून तेलाचा एक थेंबही हलला नाही.

"काल तर छान येत होता," भूपेंद्र सर म्हणाले.

मिसबाहनं वायू बंद केला आणि भांड्याचं झाकण खोललं. उलटं करून बघितलं. हिलाल तिच्या मागेच उभा होता. टिळा पसरून झाकणभर लालसर तवंग झाला होता.

तिनं झाकण पालथं ठेवलं. "भांडं नीट धुतलं गेलं नाही, सर. चूक माझी आहे."

"सर, ते..." हिलाल पुढे झाला.

"आबा, पाहुण्यांना चहा सांगा." तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "जा ना, आबा."

तो गेला. चहाचा ट्रे घेऊन परत आला तेव्हा मोठे साहेब घड्याळ बघत होते. वाळू पुन्हा भरायला किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं. दोन दिवस, मिसबाह म्हणाली. संध्याकाळी त्यांची गाडी होती. "तुमचा विषय चांगला आहे," त्यांनी सांगितलं, "पण यंदाचे निर्णय आम्हाला आजच कळवायचेत." चहा घेऊन ते गेले. त्यांना सोडायला भूपेंद्र सर गेले.

हिलाल दाराशीच खाली बसला. "मन्हामुये व्हयनं हाई, पोरी. मी सांगी देस भूपेंद्र सरले."

"सांगून काय होणार? तुमची नोकरी जाईल. माझं काम थोडंच परत येणार?" मग तिचा तोल सुटला. "कशाला केलंत, आबा? रोज हात धुवायला सांगते ना मी? रोज!"

"तेल नव्हतं ना ते, बेटा. देवना शेंदूर व्हता... तुनंच भलं व्हवाले लाया व्हता."

तिनं ओढणीनं तोंड पुसलं. मग उठून भांडं आणि झाकण तिनं स्वतः धुतलं, दोनदा, तीनदा. बाटलीत उरलेलं साबणी पाणी त्यात ओतलं आणि वायू सोडला. भांड्याच्या तोंडाशी धरलेल्या काचेच्या उंच ग्लासात फेस चढला. पांढराशुभ्र, घट्ट, वरपर्यंत. चढला आणि उभा राहिला.

दोघं त्याच्याकडे बघत बसले. बाहेर ऊन उतरलं तरी फेस बोटभरही खाली आला नाही.

"ओतून टाका, आबा. मी निघते," ती म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

हिलालनं ग्लास मोरीत उपडा केला. फेस जाळीवर तसाच बसला. त्यानं मगभर पाणी टाकलं, आणखी एक टाकलं. फेस हलला, सरकला, पुन्हा भरून आला. तेलाचं एक बोट लावलं असतं तर क्षणात बसला असता. सकाळचं शेंदराचं पान अजून त्याच्या खिशात होतं. त्यानं खिशाला हात लावला नाही. तो नुसतं पाणी ओतत राहिला.