आभाळातला जिताडा

करंजखारच्या बांधावर अख्खं गाव माना वर करून उभं होतं. पायाखालच्या बांधाला खांड पडली होती, त्या भगदाडातून खाडीचं खारं पाणी भातशेताकडे सरकत होतं, पण तिकडे बघायला सवड कुणाला?

"आला! आला गो, जिताडा आला!"

डोंगरामागून पांढरं धूड निघालं. फुगलेलं कपाळ, पुढे आलेलं तोंड, वर रंगवलेले डोळे. थेट मासाच. बायांनी पदर पसरले. बाबा जलानंद गालात हसले, कारण "येतोय, येतोय" असं त्यांनी जरा आधीच जाहीर केलं होतं. आणि ही दुसरी वेळ होती.

मी रोह्याचा. नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करतो. पुतळीमावशीनं रडत फोन केला म्हणून धावत आलो. तिचं शेत खांडीला लागूनच आहे. इकडे बांध फुटला की घरटी एक माणूस चिखलात उतरतो आणि भांगाच्या दिवसांत, भरतीचा जोर कमी असतो तेव्हा, खांड बुजवतात. यंदा कुणी हललं नव्हतं. सर्वपित्रीचं उधाण तोंडावर आलेलं. ते पाणी आत शिरलं की मावशीचं पोटरीतलं भात जाणार, आणि पुढची काही वर्षं जमीनही.

"बाबा बोलला, चिखलाला हात लावाल तं मासा कोपंल. तोच येऊन खांड बुजवंल," मावशी म्हणाली. "हिरामणभाऊ पंच, तोपण तेच बोलतोय. मी एकटी किती पाट्या टाकू रे निलेश?"

माझं डोकंच फिरलं. पण लोक भुलले त्यालाही कारण होतं. जिताडा भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत चढतो, हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. आभाळातलं धूड दोन्ही वेळा पाणी चढत असतानाच आलं. मग तो जिताडाच, यात शंका कसली!

मला मात्र शंकाच शंका. बाबांचा उजवा हात सदानकदा झोळीत का? आणि त्यांना गाडीतून आणून सोडणारा जितेश, जमिनीचा दलाल, त्याला मासा बघायची एवढी हौस कुठून आली? खारट झालेली शेतं कोळंबीच्या तळ्यांसाठी स्वस्तात मिळतात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

गावच्या शाळेतल्या नमिताबाईंना मी हे बोलून दाखवलं.

"झोळी माझ्याही नजरेत आलीय," त्या म्हणाल्या. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "जलं जलं महाजलं! आकाशमत्स्य संतुष्ट आहे! खारं पाणी दुधासारखं गोड होईल, बच्चा!"

"बाबा, एवढा मोठा मासा तुमच्या हाकेला येतो," नमिताबाई हात जोडून म्हणाल्या, "मग आज झोळी हिरामणकाकांच्या मांडीवर ठेवा ना. त्यांनाही पुण्य लागू दे."

हिरामण हरखून पुढे झाला. सगळ्यात मोठ्या भक्ताला नाही कसं म्हणणार? झोळी गेली. बाबा घामाघूम झाले.

भरती चढली. "येतोय!" बाबा ओरडले. आभाळ कोरडं. थोड्या वेळानं पुन्हा "येतोय!" एक बगळा गेला. भरती भरली, ओहोटी लागली, गाळ उघडा पडला.

"कोणा पाप्याची सावली पडलीय," बाबा माझ्याकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात हिरामण दचकून उठला. "अरे! झोळी थरथरतेय! झोळीत जीव हाय!"

"मग काढा की तो जीव बाहेर," नमिताबाई म्हणाल्या.

बाहेर निघाला मोबाईल. पडद्यावर रायगडचा नकाशा आणि पेणकडे सरकणारं इवलंसं विमान. हिरामणनं मान वर केली. डोंगरामागून तेच पांढरं धूड येत होतं. भर ओहोटीला.

"हे मालवाहू विमान आहे," बाई म्हणाल्या. "कोणतं विमान कुठे आहे ते मोबाईलवर कुणालाही दिसतं. हवं ते विमान जवळ आलं की फोन खूण देतो. म्हणून हात झोळीत. आणि भरती काय, दिवसातून दोनदा येते. अर्धा दिवस पाणी चढतंच असतं."

"पर एवढं पोट कशाला त्याला?" हिरामणनं विचारलं.

ते मी सांगितलं. आमच्या कंपनीत अजस्र यंत्रं येतात, तेव्हा ढीगभर चाकांचा ट्रेलर हायवे अडवून मुंगीच्या पावलानं चालतो. तसंच अवाढव्य पण घाईचं सामान असलं, तर असल्या फुगीर विमानात भरतात. त्याचं तोंड उघडतं ते माल आत घ्यायला. खांडी बुजवायला नव्हे.

लोक बाबांकडे वळले. बाबा जितेशच्या गाडीकडे वळले. गाडी केव्हाच निघून गेली होती.

"त्याला मंग धरा," पुतळीमावशी ओरडली, "पयली खांड धरा! पानी थांबनार हाय का कोनासाठी?"

हिरामण धोतर खोचून सगळ्यांआधी चिखलात उतरला. मागोमाग घरटी एक नव्हे, अख्खी घरं उतरली. उधाण आलं, ताज्या मातीला धडका देत राहिलं. मावशी रात्रभर बांधावर बसून होती. पाणी आत आलं नाही.

नवल दिसलं तर जरूर बघा. ते काय आहे, कोणी बनवलं, तेही विचारा. पण आधी एवढं तपासा, की ते दाखवणारा माणूस तुम्हाला कोणतं काम करू देत नाहीये. ते काम त्याच दिवशी करा.