शिमग्याचं लाकूड

प्रणालीने फोन हवालदारांच्या टेबलावर ठेवला आणि व्हिडिओ पुन्हा सुरू केला. होळीभोवती बोंबा, ढोल. गावातला प्रणय आणि त्याचे मित्र तिच्या बाबांच्या काखेतल्या कुबड्या ओढतात, डोक्यावर नाचवतात आणि आगीत भिरकावतात.

“शिमग्याला पोरं लाकडं चोरतातच, ताई,” हवालदार म्हणाले. “आमच्या आजीचा पाट नेला होता. तक्रार करतं का कोणी?”

“पाट गेल्यावर आजी चालत होत्या ना?”

हवालदारांनी चहाचा ग्लास बाजूला सरकवला.

त्या होळीनंतर बाबा ओटीवरून उतरले नाहीत. प्रणालीने ठाणे शहरातून नव्या कुबड्या धाडल्या; त्या भिंतीला टेकूनच राहिल्या. परवा बाबांचं तेरावं झालं.

“दिव्यांगांच्या कायद्यात कलम आहे,” ती म्हणाली. “चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर तुरुंग.”

“आहे ना. पण मुद्दाम केला, हे दाखवावं लागतं. पोरं म्हणणार, मस्करी केली. सगळा गाव हसतोय, बघा की.” त्यांनी व्हिडिओ थांबवला. “ही कोण? पदर तोंडाला लावून हसतेय ती?”

प्रणालीने वाकून पाहिलं. मग चटकन फोन पालथा घातला. शेजारी बाकावर बसलेल्या आईकडे तिला बघवेना.

“कुणी नाही, साहेब. गर्दीतलं कुणीतरी.”

“पालथा कशाला घालतेस, बाय?” तिची आई, मैना, म्हणाली. चौकीत आल्यापासून ती आत्ताच बोलली. “मीच हाय ती. लिवा, साहेब. मैना दयाराम. मीपन हसले.”

हवालदारांचं पेन हातातच राहिलं.

“का हसलात, मावशी?”

मैनाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“हे हसले म्हनून. कुबड्या गेल्या न् यांनी माझ्याकडं बघितलं. हसत व्हते. मी न्हाय हसले असते तर कुठं बघायचं त्यांनी?”

बाहेर एसटी थांबली, निघून गेली.

“मग नावं कोणाकोणाची लिहू, ताई?” हवालदारांनी हळूच विचारलं.

प्रणालीने फोन उलटला. इतके दिवस ती पोरांचेच चेहरे ओळखत बसली होती. आता तिने व्हिडिओतल्या बाबांकडे पाहिलं. मांडवाच्या खांबाला पाठ लावून ते तोंडभर हसत होते. दोन्ही कोपरं मात्र अंगापासून दूर धरलेली, काखेत अजून कुबड्या असाव्यात तशी.