मोंबासाचा इद्रिस

एमानने कालपासून अन्नाला हात लावला नव्हता. आई खैरुन्निसा ताट घेऊन तिच्या खोलीत जायची आणि तसंच परत आणायची. अबूधाबीतलं ते लहानसं घर तिच्या बापाला, लियाकतला, खायला उठलं होतं. उद्याच्या विमानाने तो मुलीला रत्नागिरीला धाडणार होता, नात्यातल्या मुलाशी निकाह लावायला.

इद्रिस एमानच्या ऑफिसातला, आफ्रिकेतल्या मोंबासाचा. कमावता, नमाजी, अदबीने बोलणारा. काल तो मागणी घालायला आला, तर लियाकतने त्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवलं. "हबशाला मुलगी दिली तर गावात तोंड कसं दाखवू?"

जुम्म्याची नमाज आटोपून लियाकतने टीव्ही लावला. जुना इंग्रजी सिनेमा चालू होता, गोऱ्यांच्या राज्यातल्या आफ्रिकेचा. पोटच्या पोराला माती देऊन आलेला काळा पाद्री चर्चच्या दाराशी येतो. गोरे त्याला आत सोडत नाहीत. म्हातारा तिथंच धुळीत गुडघे टेकतो. लियाकतचे डोळे भरले.

"कसली माणसं ही! देवाच्या दारातसुद्धा रंग बघतात."

त्याची आई मरियमबी शेजारीच तसबीहचे मणी ओढत बसली होती. "आज मशिदीत तुझ्या बाजूला कोण होतं रे?"

"होता कुणी सुदानी. का?"

"त्याच्या खांद्याला खांदा लावलास ना? अल्लाच्या घरात चालतो, तो तुझ्या घरात का चालत नाही? मग त्या गोऱ्यांत आणि तुझ्यात फरक काय राहिला?"

"अम्मा, लोक काय म्हणतील?"

"लोक चार दिवस बोलतील. ही पोर जन्मभर बोलणार नाही तुझ्याशी."

लियाकत उठला. एमानच्या दाराशी जाऊन त्याने इद्रिसचा पत्ता विचारला. ती दचकून उठून बसली. "व्हाय, अब्बा? मी जाते ना उद्या. प्लीज, त्याला काही करू नका."

आपल्याच लेकीला आपली एवढी धास्ती! लियाकत तिच्यासमोर जमिनीवर बसला. "माफी मागायचीय गं त्याची," तो म्हणाला.

शहराबाहेरच्या मुसफ्फा वस्तीतल्या आपल्या खोलीचं दार इद्रिसने अर्धवटच उघडलं. मागे बॅग भरून ठेवलेली होती. "अंकल, मी राजीनामा दिलाय. घरी चाललो," तो मोडक्या हिंदीत म्हणाला.

लियाकतने त्याचा हात धरला. "चुकलो मी. घरी चल, एमान उपाशी आहे."

इद्रिसने एकदा त्या बॅगेकडे पाहिलं. मग त्याने चपला घातल्या.

त्या रात्री लियाकतने रत्नागिरीचं तिकीट रद्द केलं आणि इद्रिसला आपल्याशेजारी जेवायला बसवलं. एमानही जेवली, पण बापाकडे न बघता. तेवढी शिक्षा लियाकतने मुकाट्याने सोसली.

मंडळी, पडद्यावरच्या काळ्या माणसासाठी रडायला काही लागत नाही. आपल्या ताटाशी त्याला बसवायला मात्र काळीज लागतं. प्रार्थनेत जो भाऊ, तो घरातही भाऊच असला पाहिजे. नाहीतर ती प्रार्थना नुसती उठबस आहे.