अकरावी वाटी

आमच्या कारखान्यात मला सगळे हवालदार म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण आमच्या भिंती पातळ आहेत आणि माझे कान शाबूत आहेत. आम्ही कृत्रिम पाय बनवतो. मी मापं घेते, आणि ती मापं ज्या कॉम्प्युटरमध्ये राहतात त्याला सांभाळते. सांभाळत होते म्हणायला हवं आता, पण जिभेची सवय जात नाही.

तो कॉम्प्युटर इतका जुना, की त्याच्या सिस्टिमवरून कंपनीनंच हात झटकून सात वर्षं झाली. ना अपडेट, ना दुरुस्ती, ना फोन उचलायला कोणी. नवा घ्यावा तर आमचं साचा कोरणारं यंत्र नव्या सिस्टिमला ओळख देत नाही, आणि यंत्र बनवणाऱ्यांनी तर दुकानच गुंडाळलं. म्हणजे दोघांनी एकमेकांना धरून म्हातारं व्हायचं आणि मी दोघांची उस्तवार करायची.

आमचा कॉम्प्युटरवाला महिन्यातून एकदा येतो. पन्नाशीचा, शांत, सारखा घसा खाकरणारा. त्यानंच सात वर्षांपूर्वी मला समोर बसवून सांगितलं होतं, "ताई, ह्याला आता बाहेरचं वारं लागता कामा नये. इंटरनेटची वायर काढून टाका. पेनड्राइव्ह कोणाचाही लावू द्यायचा नाही. हा आजारी पडला तर औषध नाही." हे सगळं त्यानं कागदावर लिहून, खाली सही करून दिलं.

झालं. मला एकदा नियम दिला की दिला. वायर काढून कपाटात टाकली. पेनड्राइव्हची भोकं साच्याच्या राळेनं बुजवली आणि वाळल्यावर घासून गुळगुळीत केली. कीबोर्ड आणि माउस जुन्या गोल पिनांचे, त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. झाडणाऱ्या बाईंना फोन चार्ज करायचा होता, त्यांना पिटाळलं. मालकांना गाणी लावायची होती, त्यांनाही म्हटलं, तुमच्या खोलीत काय ती लावा. सात वर्षं डोळ्यांत तेल घालून राखलं. त्यात काय मिळालं ते सांगते.

आमच्याकडे एक मावशी येतात, शिवणकाम करणाऱ्या. गुडघ्याखालून उजवा पाय नाही, आणि मशिन पायानं चालवायचं. उरलेला पाय ज्यात बसतो त्याला आम्ही वाटी म्हणतो. मावशींचं हाड अगदी कातडीखाली, त्यामुळे जी वाटी करावी ती चावायची. एक झाली, दोन झाल्या, दहा झाल्या. चार महिने माझ्या आणि त्यांच्या नाकी नऊ आले. अकरावी घातली आणि बाई उठून खोलीभर फिरल्या, काढायलाच तयार होईनात. त्या वाटीचा आकार कॉम्प्युटरमध्ये होता. जुनी झिजली की त्याच फाइलवरून नवी कोरायची, दोन दिवसांचं काम. असं आम्ही दोनदा केलं.

गेल्या वर्षी कॉम्प्युटरवाला नवाकोरा पेनड्राइव्ह घेऊन आला. म्हणाला, "ताई, सगळ्या फाइलींची एक प्रत काढून ठेवू. ह्याची डिस्क आता भरवशाची नाही."

मी त्याचाच कागद त्याच्यापुढे ठेवला. "ही सही कोणाची?"

"माझीच. पण हा मी तपासून आणलाय."

"सगळे तपासूनच आणतात," मी म्हणाले.

त्यानं पुन्हा समजावलं. राळ खरवडायला दहा मिनिटं लागतील म्हणाला. मी जागची हलले नाही. शेवटी घसा खाकरून गेला बिचारा. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. घरी नवऱ्याला मिटक्या मारत सांगितलं. तो म्हणाला, "निदान चहा तरी विचारायचास."

गेल्या महिन्यात डिस्क कटकट करायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं तर पडदा काळाच राहिला. कॉम्प्युटरवाल्यानं डिस्क काढून बाहेरगावी पाठवली, तिथून परत आली. "काहीच निघालं नाही, ताई," एवढंच म्हणाला. मला चार शब्द सुनावायला हवे होते त्यानं. सुनावले असते तर मी भांडले तरी असते.

आज दुपारी मावशी आल्या. कुबड्यांवर, पाय पिशवीत. वाटी वरपासून खालपर्यंत तडकलेली. तिच्यावरूनच साचा काढावा म्हणून मी उलटसुलट करून पाहिली, पण ती उकलून तिरकी झाली होती.

"दोन दिवसांत देशील ना गं? शाळा उघडतायत. गणवेशांचा ढीग पडलाय घरात."

मी म्हणाले, "मावशी, बसा."

त्या बसल्या. मी सगळं सांगितलं. डिस्क, पेनड्राइव्ह, राळ, माझा हट्ट, काही लपवलं नाही. सांगताना त्यांच्याकडे बघवेना म्हणून पिशवीकडे बघून बोलत होते.

"म्हणजे पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"परत दहा चावतील?"

"कमी करायचा प्रयत्न करीन. शब्द देता येत नाही."

त्यांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या. गुडघ्यावरचा कपडा वर घेतला, पाय माझ्यापुढे केला. मग विचारलं, "त्याला तो रोग लागला होता का गं, कॉम्प्युटरांना लागतो तो?"

"नाही," मी म्हणाले. "शेवटपर्यंत नाही लागला."

"मग तू चांगलं सांभाळलंस," मावशी म्हणाल्या, आणि त्यात टोमणा नव्हता. मी खाली बसले आणि टेप त्यांच्या पायाभोवती धरली, पण डोळे भरून आल्यानं आकडा काही वेळ दिसेना.