टाचणी हवालदारांची चूक

टाचणी हवालदारांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण त्यांच्या डोळ्यांना ते कोणी कळवलं नव्हतं. बसस्टॉपवर वर्दीतला एखादा जवान दिसला की हे भाजीची पिशवी खाली ठेवायचे आणि त्याला टोपीपासून बुटाच्या नाडीपर्यंत तपासायचे. टोपी जरा कलली असेल, बाहीची घडी सैल असेल, की तिथल्या तिथं आणि चारचौघांत बोलून मोकळे. खिशात कायम सहा टाचण्या, दोन बटणं आणि सुईदोरा. त्यावरून पलटणीनं त्यांना टाचणी हे नाव ठेवलं. टोचून बोलायचे हे दुसरं कारण, पण ते त्यांच्या तोंडावर कोणी सांगत नसे. आता खरं सांगायचं तर हा माणूस चुकीचं कधीच बोलत नसे. तिथंच तर घोडं पेंड खात होतं. चुकीचं बोलणाऱ्याला गप्प करता येतं, बरोबर बोलणाऱ्याचं काय करणार?

मागच्या वर्षी मात्र कहर झाला. दर वर्षी पलटणीचा एक दिवस असतो. मैदानावर निवृत्तांची रांग उभी राहते, त्या वर्षात गेलेल्या जुन्या माणसांची नावं वाचतात आणि घरचं माणूस पुढं होऊन दगडी स्तंभापाशी पुष्पचक्र ठेवतं. गेल्या वर्षी तिथं एक नवा कॅप्टन होता. त्याची आई पहिल्यांदाच लेकाला पूर्ण वर्दीत बघायला आली होती. कॅप्टनच्या डाव्या खिशाचं बटण राहिलं होतं लावायचं. टाचणी हवालदारांनी दहा पावलांवरून, परेडच्या आवाजात, “साहेब, डाव्या खिशाचं बटण,” असं सुनावलं. शेजारी माइक चालू होता. अख्ख्या मैदानानं ते ऐकलं. कॅप्टन कानापर्यंत लाल झाला, आणि त्याची आई बिचारी पर्स उघडून त्यात उगाचच काहीतरी शोधत राहिली. घरी येऊन हवालदारांनी हे मोठ्या थाटात सांगितलं. बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की त्या आईला काय वाटलं असेल. हवालदारांनी पेपर उघडला आणि वाचत बसले.

यंदा त्याच कॅप्टननं त्यांना ऑफिसात बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला, आणि चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, “हवालदारसाहेब, बटण उघडं होतं हे खरं. पण यंदा रांगेत उभं राहायचं असेल तर कोणाची कसलीही चूक दिसो, तुमच्या तोंडून एक शब्द निघता कामा नये. निघाला, तर मी एक जवान पाठवीन. तो तुम्हाला अदबीनं गेटपर्यंत सोडून येईल.”

दुसरं कुठलंही वर्ष असतं तर हवालदार उरलेला चहा तसाच ठेवून उठले असते. यंदा उठता येत नव्हतं. यंदाच्या गेलेल्यांच्या यादीत त्यांच्या जिवलग दोस्ताचं, कंपनीच्या ड्रायव्हरचं नाव होतं. बावीस वर्षं दोघं एका कंपनीत, एकाच्या डब्यातलं दुसऱ्यानं खाल्लेलं. जायच्या आधी दोन दिवस दवाखान्यात ड्रायव्हरनं यांचा हात धरून सांगितलं होतं की नाव वाचतील तेव्हा तिच्या शेजारी तू उभा राहा. तिला कोणी काही बोललं तर ती तडक घरी निघून जाईल, आणि माझं पुष्पचक्र राहून जाईल. हवालदारांनी शब्द दिला होता.

ती म्हणजे ड्रायव्हरची बायको, हवालदारांची वहिनी. वहिनी जन्मभर दवाखान्यात हेडनर्स. मोठमोठ्या डॉक्टरांना हात धुऊन या म्हणून दारातून परत पाठवलेली बाई. नवरा गेल्यावर ती रडली ती दार लावून, आणि दार उघडलं तेव्हा डोळे कोरडे. तिनं हवालदारांना आधीच बजावून ठेवलं होतं. “भाऊजी, मी येते. पण तुमच्या पलटणीत मला कोणी इथं उभ्या राहा, तिथं राहू नका केलं, तर मी आल्या पावली परत फिरेन. मग मला समजवायला येऊ नका.”

म्हणजे हवालदारांनी तोंड उघडलं तर त्यांना बाहेर काढणार, आणि दुसऱ्या कोणी उघडलं तर वहिनी बाहेर जाणार.

त्या दिवशी निघताना बायकोनं हवालदारांच्या ब्लेझरच्या खिशात लिमलेटच्या चार गोळ्या टाकल्या. तोंडात काही असलं की माणूस बोलत नाही, असा तिचा हिशेब. वर ती असंही म्हणाली की तो कॅप्टन भला माणूस आहे, मला चाळीस वर्षांत जमलं नाही ते त्यानं एका चहात केलं.

मैदानावर पोचल्यापासून हवालदारांचे हाल सुरू झाले. बिगूलवाल्याचा एक मोजा खाली घसरलेला. झेंड्यापाशी उभ्या असलेल्या पोराचा पट्टा मागून पिळलेला. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या जुन्या बँडवाल्याचा बिल्ला चक्क उलटा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. पहिल्या दहा मिनिटांत तीन गोळ्या संपल्या.

चौथी तोंडात टाकली आणि वहिनी आल्या. अंगावर लांब कोट, मान ताठ. हवालदारांच्या डाव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या. ऊन चढत होतं. त्यांनी कोट काढला, घडी घालून हातावर घेतला, आणि हवालदारांची गोळी अख्खीच्या अख्खी घशाखाली गेली.

वहिनींनी ड्रायव्हरची चार पदकं लावली होती. घासून लख्ख केलेली, एका पट्टीवर ओळीनं, आणि डाव्या छातीवर.

ज्यानं कमावली त्यानं पदकं डावीकडे लावायची. तो गेल्यावर घरच्या माणसानं लावली तर ती उजवीकडे. हा नियम हवालदारांनी तीस वर्षं शिकवला होता. डावीकडे लावणं म्हणजे ही मीच कमावली असं सांगणं. वहिनींच्या मनात तसलं काही नव्हतं. नवरा जिथं लावायचा तिथं त्यांनी लावली होती, बस. पण मैदानावरच्या सगळ्या जुन्या डोळ्यांना ते आता दिसणार होतं.

तेवढंच असतं तरी निभलं असतं. पण रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून एक सुभेदार हातात भोंगा घेऊन एकेकाला तपासत येत होता. पाच नंबरचे काका, टोपी सरळ. सहा नंबर, पोट आत. प्रत्येक चूक भोंग्यातून, गावाला ऐकू जाईल अशी. हा सुभेदार कोणाच्या हाताखाली तयार झाला असेल? टाचणी हवालदारांच्याच. बघितलं की बोललं, हा धडा त्यांनीच गिरवून घेतला होता. आता तो धडा पंधरा माणसांच्या अंतरावर आला होता.

हवालदारांची पाचावर धारण बसली. बोलावं तर कॅप्टन समोर व्यासपीठाच्या पायरीशी उभा, नजर यांच्यावरच. न बोलावं तर हा पठ्ठ्या भोंग्यातून विधवेला तिच्या नवऱ्याची पदकं काढून उजवीकडे लावायला सांगणार. त्यांनी आधी खाकरून बघितलं. वहिनींनी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी डोळ्यांनी खूण केली, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. वहिनींनी शांतपणे त्यांची हनुवटी धरली, खालची पापणी ओढून बघितली आणि कावीळ नाही असं सांगून सोडून दिलं.

सुभेदार बारा माणसांच्या अंतरावर आला होता.

आणि हवालदारांनी आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतःच्या ब्लेझरवरची पदकांची पट्टी सोडवली आणि सावकाश, वहिनींना दिसेल अशा बेतानं, उजव्या छातीवर लावली. कोणी भर बाजारात धोतर सोडायला सांगितलं असतं तर त्यांना एवढी लाज वाटली नसती.

वहिनींनी बघितलं नाहीच. बघितलं ते उजवीकडच्या बँडवाल्यानं. तो दचकला आणि कुजबुजला, नवा हुकूम आलाय का? हवालदार बोलणार कसे? ते गप्प. बँडवाल्यानं विचार केला, सूर्य एक वेळ चुकेल, टाचणी चुकायचा नाही. त्यानं मुकाट्यानं आपली पट्टी काढून उजवीकडे लावली. त्याच्या पलीकडच्यानं त्याला विचारलं, तेव्हा तो ठामपणे म्हणाला की हुकूम आलाय, टाचणीनं लावलीत. मग काय विचारता. रांगेतून चुळबुळ सरकत गेली. म्हातारी बोटं, बारीक पिना. कोणी आपल्याला परिपत्रक पाठवत नाही म्हणून कुरकुरलं, कोणी वरच्या लोकांना दुसरे उद्योग नाहीत म्हणालं. कुरकुरत का होईना, सगळ्यांनी बाजू बदलली.

सुभेदार भोंगा तोंडाशी नेऊन थांबला. त्यानं रांगेकडे बघितलं, मग गुरूकडे बघितलं. गुरूची पदकं उजवीकडे. त्यानं भोंगा काखेत मारला, पाठ फिरवली, आणि आपलीही पट्टी गुपचूप उजवीकडे हलवली.

एवढी हालचाल झाल्यावर वहिनींनी मान वळवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी नजर फिरवली. सगळ्यांची उजवीकडे, आपलीच डावीकडे. कोणाचं लक्ष नाही असं बघून, कोट आडवा धरून, त्यांनी पट्टी सोडवली आणि उजवीकडे लावली. हवालदारांना वाटलं, सुटलो.

पण गेटमधून पाहुण्या जनरलची गाडी आत शिरत होती, आणि कॅप्टन पायरी उतरून लांब ढांगा टाकत रांगेकडे निघाला होता. तो थेट टाचणी हवालदारांसमोर येऊन उभा राहिला. तेवीस निवृत्त जवान आणि एक नोकरीतला सुभेदार, सगळे चुकलेले. कशामुळे चुकले असतील हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही. मागच्या वर्षीची उसनवारी फेडायची असती तर याहून चांगली वेळ मिळाली नसती. माइक आजही चालू होता.

कॅप्टननं सलाम केला. मग पुढं वाकून, हवालदारांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, “हवालदारसाहेब, पदकं डावीकडे हवीत.”

कारण सांगायला हवालदारांच्या जिभेवर दहा शब्द तयार होते. पण वहिनी हातभर अंतरावर होत्या.

“चूक झाली, साहेब,” ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडलेले त्या मैदानानं कधी ऐकले नव्हते. बँडवाल्यानं तर आ वासला. मग त्यांनी आपली पट्टी सोडवली, ते बघून बाकीचे हातही पुन्हा पिनांकडे गेले, आणि रांग परत डावीकडे सरकू लागली.

आणि वहिनींचाही हात पिनेकडे गेला.

हवालदार वहिनींच्या हाताकडे बघत राहिले, मग कॅप्टनकडे बघितलं, आणि त्या बघण्यात एवढी गयावया होती की कॅप्टन थबकला. त्यानं वहिनींचा हात बघितला, ती चार पदकं बघितली, आणि वहिनींच्या डाव्या छातीवर कापडाला पिनेची ताजी भोकं होती तीही बघितली. त्याला सगळं उमगलं. तो एक पाऊल बाजूला, वहिनींसमोर सरकला, टाचा जुळवल्या, आणि वहिनींना कडक सलाम ठोकला. या वेळी त्यानं आवाज मुळीच खाली आणला नाही.

“बाई, तुम्ही हात लावू नका. आपली स्वतःची डावीकडे, आणि आपल्या माणसाची उजवीकडे. या अख्ख्या रांगेत फक्त तुमचं बरोबर आहे.”

माइकनं तेही गावभर पोचवलं. रांगेतले म्हातारे खाली बघत पिना लावत होते. सुभेदार भोंग्याच्या आड लपून आपली लावत होता. वहिनींची मान आधीच ताठ होती, ती आणखी दोन बोटं वर गेली.

जनरल आले, हस्तांदोलन करत गेले, कोणाच्या छातीवर काही वावगं नव्हतं. मग नावं वाचली. ड्रायव्हरचं नाव सातवं आलं. वहिनी एकट्या, एका चालीनं स्तंभापाशी गेल्या, पुष्पचक्र ठेवलं, त्याची एक दुमडलेली पाकळी सरळ केली आणि थोडा वेळ तिथंच उभ्या राहिल्या. हवालदारांना समोरचं नीट दिसेना. दोस्त गेल्याला सात महिने झाले होते, आणि तो गेला हे त्यांना त्या क्षणी खऱ्या अर्थानं कळलं.

वहिनी परत येऊन शेजारी उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे ओले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. बिगूल थांबल्यावर, समोरच बघत, त्या हलक्या आवाजात बोलल्या.

“बरं झालं भाऊजी, मी माझ्या मनानं उजवीकडे लावली. तुमच्याकडे बघून लावली असती तर आज ह्यांच्या नावाला बट्टा लागला असता.”

हवालदारांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. वहिनींच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना. गोळ्या कधीच संपल्या होत्या, कॅप्टन लांब गेला होता, आणि आता बोलायला कोणाची बंदी नव्हती.

“हो, वहिनी,” टाचणी हवालदार म्हणाले. “चुकलंच माझं.”