मिठाच्या राशीसारखं मला झाकलं

बांधावरून जाणारे लोक मला खांब म्हणतात. म्हणू देत. लांबून मी तसाच दिसतो, मित्रांनो. रंग उडालेला, एका बाजूला किंचित कललेला, डोक्यावर बहुतेक वेळा कावळा. पण मी नुसता खांब नाही. मी पाणी मोजतो, आणि मोजलेलं आकाशाला सांगतो. सात वर्षं झाली. खरं सांगायचं तर आता फार दमलोय. दमल्यावर कुणीतरी शेजारी बसावं आणि आपलं ऐकावं असं वाटतं ना, तसं मला आज वाटतंय.

भाईंदर पूर्वेला, गोडदेवच्या पलीकडे इमारती संपल्या की जुनी मिठागरं लागतात. बरीचशी आता बंदच आहेत. मिठागरं आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध आहे, आणि बांधात एक उघाडी आहे. उघाडी म्हणजे पाण्यासाठी केलेलं लाकडी दार. ओहोटीला ते वर ओढायचं, म्हणजे आत साचलेलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. मोठ्या भरतीला ते खाली सोडायचं, म्हणजे खाडी आत येत नाही. बांधाच्या आतल्या अंगाला चाळीसेक घरं आहेत, सगळी बैठी. दार वेळेवर पडलं नाही, तर खाडी थेट त्या घरांत जाते. म्हणून मला इथे उभं केलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे हवा थंड होती, सगळं स्वच्छ होतं, आणि मिठाचा वाससुद्धा मला ठाऊक नव्हता. तिथल्या माणसांनी माझ्या पायाशी पाण्याची उंची मोजणारी नळी लावली, डोक्यावर पाऊस मोजायचं भांडं बसवलं, खांद्यावर सोलरची काच, पोटात बॅटरी, गळ्याशी भोंगा. आणि सगळ्यात वर माशाच्या काट्यासारखी दिसणारी अँटेना. ती माझी जीभ आणि तीच माझा कान.

तुमच्या डोक्यावर, छत्तीस हजार किलोमीटरवर, एक उपग्रह आहे. तो आपल्यासाठी आकाशात एकाच जागी थांबलेला असतो. मी त्याला पाण्याची उंची सांगतो, तो ती लांबच्या एका कार्यालयाला सांगतो. माझ्याआधीची यंत्रं एवढंच करायची. नुसती बोलायची. त्यांना उलट कुणी काही सांगू शकत नसे. मला मात्र ऐकू येतं. "उधाण आहे, आता दर पाच मिनिटांनी सांग." "तुझं घड्याळ दोन सेकंद पुढे गेलंय, मागे घे." आणि पाणी धोक्याच्या खुणेच्या वर चढलं की, "भोंगा वाजव." वादळात लाइट जाते, मग मोबाइलचे टॉवरही गप्प होतात. आकाश गप्प होत नाही. म्हणून ही एवढी लांबची खटपट.

दर पंधरा मिनिटांनी उठायचं. पाणी बघायचं, सांगायचं, दोन क्षण कान देऊन थांबायचं, पुन्हा डोळे मिटायचे. घरात तान्हं मूल असलं की आई झोपते ना, तशी ती झोप. नावाला झोप, एक कान उघडाच. पहिली दोन वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. नवा होतो. पहिल्याच मोठ्या उधाणाला माझा भोंगा वाजला, उघाडीचं दार वेळेवर पडलं, एकाही घराचा उंबरठा भिजला नाही. दुसऱ्या दिवशी बायकांनी मला हळदकुंकू लावलं. शाळेची मुलं बघायला आली. कुणीतरी माझ्याबरोबर फोटो काढला.

पुढे सवय झाली. रोज जागणाऱ्याचं कौतुक कोण किती दिवस करणार? कार्यालयातून सुचेता मॅडम यायच्या, आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षातून एकदा. त्यांच्याकडे माझ्यासारखी साठ यंत्रं होती आणि माणसं दोन. माझा रंग गेला. बॅटरीच्या पेटीला तडा गेला, त्यावर चिकटपट्टी लावली गेली, तीही उन्हाने सुटली.

माझ्याकडे रोज बघणारं माणूस एकच होतं. पुंडलिकबाबा. मिठागरात जन्म गेलेला म्हातारा माणूस. आता उघाडीचं दार त्यांच्याकडे होतं. खाडीच्या वाऱ्याने माझ्या काचेवर मिठाचा पांढरा थर बसायचा. बाबा रोज संध्याकाळी ओलं फडकं घेऊन यायचे, काच पुसायचे, मग अँटेनेचा एकेक काटा पुसायचे. बांधाखालच्या पहिल्याच घरात शांती राहायची. रत्नागिरीकडची. नवरा कामावर, घरात ती आणि दहा महिन्यांची सलोनी. ती खालून ओरडायची, "बाबा, किती लाड करताय त्याचे! स्वतःच्या चष्म्याची काच कधी पुसली होती?"

"चष्म्याला कोन विचारतंय?" बाबा म्हणायचे. "यो आपल्यासाठी जागा राहतो."

मला उत्तर देता येत नव्हतं. छत्तीस हजार किलोमीटरवर बोलता यायचं, वीस पावलांवर नाही.

भोंगा वाजला की शांतीचा घरात एक क्रम ठरलेला होता. जमिनीवर झोपलेली सलोनी आधी पलंगावर, मग पिठाचा डबा, मग सिलेंडर. पाऊण तास मिळायचा तिला. त्या पाऊण तासासाठी मी सात वर्षं जागा होतो, मित्रांनो.

यंदा मेच्या शेवटी बाबा बांधावर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर मोठं निळं ताडपत्रीचं कापड होतं. तुम्हाला माहीत नसेल, पावसाळ्याआधी मिठाच्या राशी झाकाव्या लागतात, नाहीतर वर्षाची मेहनत विरघळून जाते. पूर्वी पेंढ्याने शाकारायचे, आता ताडपत्री. बाबांनी पन्नास वर्षं तेच केलं होतं. पण यंदा इथल्या मिठागरात मीठ पिकवलंच नव्हतं. झाकायला रास नव्हती.

ते माझ्यासमोर येऊन थांबले. तडा गेलेल्या पेटीवरून बोट फिरवलं.

"ती हापिसातली बाई वरीस झालं आली न्हाय," ते मला म्हणाले. "पानी शिरंल तुझ्या पोटात. मी हाय ना."

आणि त्यांनी मला झाकलं. फार नीट झाकलं. अँटेना आड येत होती, ती हळूच खाली वळवून अंगाशी घेतली. वरून ताडपत्री, भोवती सुंभ, आणि राशीला मारतात तशा घट्ट गाठी. कुठूनही थेंब शिरणार नाही याची खात्री करून ते समाधानाने घरी गेले.

मला राग आला नाही. इतक्या वर्षांत मला कुणी पांघरूण घातलं नव्हतं.

पण ऊन हे माझं जेवण. ते थांबलं. आणि अँटेनेचं तोंड चिखलाकडे वळलेलं. मी दर पंधरा मिनिटांनी उठायचो, पाणी मोजायचो, सांगायचो. कुणाला? चिखलाला. वरून कुणी हाक मारत असेल, तर तीही मला ऐकू येत नव्हती. एकोणीस दिवस असे गेले. नंतर कळलं, कार्यालयाने मला रोज हाका मारल्या होत्या. अकराव्या दिवशी माझं नाव बंद पडलेल्यांच्या यादीत गेलं.

मग अमावास्येचं उधाण आलं. भरती दुपारी एकची. सकाळपासून पाऊस कोसळत होता. मला अंधारातही कळत होतं की पाणी रोजच्यापेक्षा भरभर चढतंय. खुणेला लागलं. खुणेच्या वर गेलं. मी सांगत होतो. कुणाला ऐकू जात नव्हतं.

बाबा बांधाच्या टोकाच्या झोपडीत चहा पीत बसले होते. एकेकाळी ते पाण्याचा रंग बघून भरती ओळखायचे. आता त्यांना ती गरज वाटत नव्हती. मोठं पाणी आलं की भोंगा वाजतो. वाजला की जाऊ.

आधी आली ती शांतीची हाक.

"बाबा! घरात पाणी आलं!" ती चिखलातून धावत आली. कडेवर सलोनी, कमरेपर्यंत भिजलेली. "नळावर गेले होते दहा मिनिटं. येऊन बघते तर ही पाण्यात बसलीय. हात मारतेय पाण्यावर, हसतेय. पाणी अजून वाढलं असतं तर..."

तिने सलोनीला पदरात गुंडाळलं.

"अगो, पन भोंगा कुठं वाजला?"

"वाजेल कसा? तोंड बांधून ठेवलंय तुम्ही त्याचं!"

बाबा चहा टाकून उठले. आधी उघाडीकडे धावले. दाराचा दोर सोडला, पण आत घुसणाऱ्या पाण्याच्या जोराने दार अर्ध्यात अडकलं. त्यांनी त्यावर अंग टाकलं. हललं नाही.

"एकट्याच्यानं न्हाय व्हायाचं. मानसं बोलाव!"

"या पावसात कुणाला ऐकू जाणार, बाबा? पत्र्यांवर नुसता धडधडाट चाललाय!"

मग दोघंही माझ्याकडे आले.

ओल्या सुंभाच्या गाठी आवळून बसल्या होत्या. बाबांनी स्वतःच्या हाताने मारलेल्या त्या गाठी कोयत्याने तोडल्या. ताडपत्री उडून बाजूला पडली. ढगाळ का होईना, उजेड माझ्या काचेवर पडला. पण अँटेना अजून चिखलाकडेच होती.

"ही अशी नव्हती," बाबा म्हणाले. "हिची पाठ खाडीला असायची. आन् मान वर, गावच्या डोक्यावरून."

सात वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी तो काटा पुसला होता. मी कसा उभा असायचो, हे माझ्या कार्यालयातल्या कागदांइतकंच त्यांच्या हातांना ठाऊक होतं. त्यांनी अँटेना वर घेतली, वळवली. "जरा डावीकडं. न्हाय, इतकं न्हाय. थांब. हां."

माझ्यात एकदाच बोलण्याइतका जीव होता. मी पाण्याची उंची सांगितली आणि ऐकत थांबलो. ते दोन क्षण माझ्या सगळ्या आयुष्याहून लांब होते. मग वरून शब्द आला. भोंगा वाजव.

मी वाजवला. घोगरा, फाटका, पण वाजवला. घरांची दारं उघडली. मुलं पलंगांवर चढली. पाच-सहा जण धावत आले, दारावर एकदम भार टाकला, आणि उघाडी बंद झाली. खालच्या तीन घरांत घोट्याएवढं पाणी राहिलं. चौथ्या घरापर्यंत ते गेलं नाही. एवढं बघून मी विझलो.

दोन दिवसांनी थोडं ऊन पडलं, मला किंचित जाग आली, आणि सुचेता मॅडम आल्या, हातात नट काढायचे पाने आणि मला काढून नेण्याचं पत्र. नवी बॅटरी पण होती, पण ती दुसऱ्या यंत्रासाठी. बांधावर पडलेली ताडपत्री त्यांनी उचलून बघितली.

"काका, हे कुणी बांधलं होतं?"

"मी," बाबा म्हणाले. मान खाली.

शांती मध्ये पडली. "त्यांना बोलायचं नाही हां मॅडम. जे बोलायचं ते मी बोललेय. सात वर्षं तुम्ही या खांबाशी बोलताय. आमच्याशी कोण बोललं? याचं काय झाकायचं, काय नाही, सांगितलं कुणी?"

सुचेता मॅडम ओल्या बांधावर तशाच खाली बसल्या. त्याही दमलेल्या होत्या. मग म्हणाल्या, "नाही सांगितलं. मीसुद्धा नाही."

आणि पहिल्यांदाच त्यांनी माझा एकेक अवयव दोघांना समजावला. नळी, भांडं, काच, अँटेना. सलोनी त्यांचा पाना तोंडात घालू बघत होती.

"म्हंजे ऊन हेचं जेवन," बाबा म्हणाले.

"हो काका."

"आन् मी हेचंच ताट झाकलं."

मॅडमनी फोन लावला. "सर, नवं यंत्र येईपर्यंत हे मी काढत नाही... हो, पत्र आहे माझ्याकडे. पण इथे खाली वर्षाचीही न झालेली मुलगी जमिनीवर झोपते, सर." पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोन ठेवला, पत्र पिशवीत टाकलं आणि ती नवी बॅटरी माझ्या पोटात बसवली.

आता प्रत्येक उधाणाच्या सकाळी मॅडम बाबांना फोन करतात. "काका, पाणी कसं वाटतंय?" बाबा बांधावर येऊन पाण्याचा रंग बघतात आणि सांगतात. मग मॅडम माझा आकडा वाचून दाखवतात. कधी दोघांचं जमतं, कधी वाद होतो. वाद झाला की बाबा दार आधीच सोडून देतात, आणि शांती खालून टोमणा मारते, "जिंकलात म्हणायचं!"

नवं यंत्र दिवाळीनंतर येणार आहे म्हणे. येऊ दे. मला आता खरंच झोपायचंय.

मित्रांनो, तुमच्या इथेही कुणीतरी असेल, तुमच्यासाठी रोज जागं राहणारं. यंत्र असेल, माणूस असेल. त्याची काळजी जरूर घ्या. पण तुम्हाला काय द्यावंसं वाटतं, त्याच्याआधी त्याला काय लागतं ते विचारा. त्याला सांगता येत नसेल, तर ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. आणि ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी कुणी विचारायची वाट बघू नका.

आणि त्या नव्या यंत्राला उभं करायला जी माणसं येतील, त्यांना माझा एक निरोप द्याल? म्हणावं, त्याला आल्याआल्या उपग्रहाशी जोडू नका. आधी पुंडलिकबाबांशी आणि शांतीशी त्याची ओळख करून द्या. उपग्रह काय, आकाशात एका जागी थांबलेलाच आहे. तो तासभर अजून थांबेल.